त्रेचाळिसावं पत्र

एकाच पुस्तकाच्या अकरा प्रती विकत घेणाऱ्या बाईला लोक काय म्हणतात, हे अल्पना पोतनीसला चांगलं ठाऊक होतं. शाळेतल्या बाया पाठीमागे म्हणायच्या, भाऊ तोंडावर म्हणायचा. "अगं, एकदा वाचलंस ना? मग तेच ते काय पुन्हा?" अल्पना नुसती हसायची. ज्याला सांगून कळत नाही त्याच्यापुढे डोकं फोडू नये, असा तिचा खाक्या होता. चौतीस वर्षं देवासच्या मुलींना शिकवून हाच एक धडा ती स्वतः शिकली होती.

पुस्तक होतं गोदूबाई वाईकर आणि दत्तोपंत ओगले यांच्या पत्रव्यवहाराचं. गोदूबाई नटी, स्वतःच्या नाटक कंपनीची मालकीण. ओगले तिचे नाटककार. कंपनी माळव्यातल्या संस्थानांत खेळ करत फिरायची, ओगले पुण्यात बसून अंक लिहून पाठवायचे, आणि दोघं पत्रांतून भांडायची, रुसायची, पुन्हा गोड व्हायची. बहात्तर पत्रं. १९५४ साली कुणा नातवाने ती छापली. देवास आणि धारची नावं त्यात असल्यामुळे इकडच्या मराठी घरांनी हौसेने प्रती मागवल्या. आता ती हौशी मंडळी गेली. नातवंडं हिंदी शाळांतली. मराठी पान हातात घेतलं की चौथ्या ओळीला जांभई देतात. घराला रंग काढायची वेळ आली की पुस्तकं रद्दीत जातात, आणि रद्दीतून ही एवढी एक प्रत अल्पना-सरलाकडे येते.

अल्पना-सरला हे नाव देवासच्या महाराष्ट्र समाजात एका दमात घेतलं जायचं. सरला जगदाळे ही धारची. इंदूरच्या कॉलेजात दोघी वसतिगृहाच्या एका खोलीत राहिल्या, आणि १९८५ साली फूटपाथवरून या पुस्तकाची पहिली प्रत त्यांनी मिळून घेतली. त्याच वर्षी समाजाच्या गणपतीत दोन खुर्च्या समोरासमोर टाकून त्यांनी पत्रं वाचली. सरला गोदूबाईंची, अल्पना ओगल्यांची. तेव्हापासून चाळीस वर्षं दर गणपतीला हा कार्यक्रम होत होता. सरलाचं लग्न झालं, मुलगा झाला, नवरा गेला, सून आली. अल्पनाने लग्न केलं नाही. तिला सुखदुःख सांगायला माणूस एकच होतं आणि ते धारला राहत होतं.

दिवाळी उलटल्यावर बदनावरच्या राजवीरचा फोन आला. जुनी घरं मोकळी करून देण्याचा त्याचा धंदा.

"ताई, आपकी वो गोदूबाई फिर निकल आई. आधा संदूक दीमक खा गई, पर इसको हाथ नहीं लगाया."

अल्पना दुसऱ्याच दिवशी बदनावरला गेली. मंडीबाहेर सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग होती, हवेत भुसा होता. राजवीरने पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं. ट्रंकेतल्या बाकी पुस्तकांची वाळवीने माती झाली होती हे त्याने मुद्दाम दाखवलं. हे मात्र धड होतं, फक्त पाठ उसवलेली. अल्पनाने ते उघडलं नाही. नवी प्रत एकटीने उघडायची नाही, हा त्यांचा नियम होता. तशीच ती बस पकडून धारला सरलाकडे गेली.

गढ कालिकेच्या उतारावर सरलाचं घर. पुढच्या खोलीत टेबल, दोन बाजूंना दोन खुर्च्या. नवी प्रत आली की तिथे 'मिळवणी' चालायची. सरला नवी प्रत मोठ्याने वाचणार, अल्पना समोर बसून आपल्या मूळ प्रतीत पेन्सिलीने खुणा करत जाणार. छापखान्यात मुद्रितं तपासतात तसं, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं तोंडाने म्हणायचं. कुठे अक्षराचा खिळा तुटलेला, कुठे शब्द बदललेला सापडला की दोघींना कोण आनंद! मिळवणी झाली की नवी प्रत सरलाच्या कपाटात जायची, कारण जागा तिच्याकडे होती. अल्पनाकडे फक्त मूळ प्रत. तपासून झालेलं पुस्तक पुन्हा कशाला उघडायचं? ते तिने कधी उघडलंही नव्हतं.

त्या दुपारी सरलाचा आवाज नेहमीसारखा लागला होता. सून नीतूने पोहे आणून दिले, ते गार झाले. चाळिसावं पत्र झालं, बेचाळिसावं झालं.

"पत्र त्रेचाळिसावं. मुक्काम देवास, थोरली पाती. नवा परिच्छेद. हिरव्या शालूस उंदरांनी दोन जागी कुरतडले तो उलटा नेसून निभावले तिसऱ्या अंकाची पदे अद्याप हाती आली नाहीत..."

अल्पनाने पेन्सिल थांबवली. सरला विराम म्हणत नव्हती. तिची नजर पानावर होती, पण ती हलत नव्हती.

"सरले, विराम."

"हो गं, हो. दमले जरा." सरलाने पदराने कपाळ टिपलं. नोव्हेंबरचा महिना, पंखा बंद. अल्पनाला वाटलं, वय झालं दोघींचं.

सहा वाजता मिळवणी संपली. फरक काहीच नाही. अल्पना पुस्तक पिशवीत घालू लागली तशी सरला चटकन उठली.

"ते कुठे नेतेस?"

"पाठ उसवलीय. शिवून आणते. नारायणरावांना समाजात मांडायला हवंय, चाळीस वर्षं झाली म्हणून."

"इथला बाइंडर करेल की."

"तो वारला गं मार्चमध्ये. तूच सांगितलंस."

सरलाने पुस्तकाचा दुसरा कोपरा धरला होता तो सोडायला थोडा वेळ लावला. इतक्या वर्षांत तिने आपल्या हातून कधी काही ओढून घेतलं नव्हतं, त्यामुळे अल्पनाला ते चमत्कारिक वाटलं. बसमध्ये मात्र ती विसरून गेली.

दोन दिवसांनी, दुपारच्या उन्हात ओट्यावर बसून तिने खळ शिजवली, दोरा ओवला आणि फर्मे सुटे केले. सोळा सोळा पानांचे फर्मे. बाकी कागद ठणठणीत कोरडा होता, एका ठिकाणी मात्र बोटाला गारवा लागला. पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्याला असतो तसा. तिने पान उलटलं. त्रेचाळिसावं पत्र.

हिरवा शालू होता. उंदीर होते. तिसऱ्या अंकाची पदं होती. त्यापुढे असं छापलं होतं:

'आपल्या अल्पनेचे पत्र मंगळवारी पुण्याहून आले. निळ्या कागदाचे आहे. तिजला दिले नाही. ती दर आठवड्यास विचारते, मी नाही म्हणून सांगते.'

गोदूबाईंच्या काळात अल्पना नावाची बाई शोधून सापडली नसती. अल्पनाने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. आत जाऊन मूळ प्रत आणली, शेजारी ठेवली. मूळ प्रतीत पदांनंतर कंदिलाच्या काचांची चौकशी होती आणि पत्र संपत होतं. इथे काचा नव्हत्या. इथे पत्र पुढे चालूच होतं.

ती शहाणी बाई होती, भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. तिने पान उजेडासमोर धरलं. मागून चिकटवलेलं नव्हतं. त्याच फर्म्यातलं, त्याच दोऱ्यातलं. कागद तोच पिवळा. सबंध पुस्तकात 'ळ'चा खिळा खाली टवका गेलेला होता, तो इथेही तसाच. हे पान सत्तर वर्षांपूर्वी बाकीच्या पानांबरोबरच छापलं गेलं होतं. मग तिने उरलेला मजकूर वाचला.

'आज मीच तिच्या नावे उत्तर धाडले. लिहिले की, मजला नाटकाची आवड उरली नाही. घरचेही राजी नाहीत. पुन्हा पत्र लिहून त्रास देऊ नये. खाली सही अल्पना पोतनीस अशी केली. निळा कागद बंबात घातला. चांगला पेटला.'

खळ भांड्यात घट्ट झाली. अल्पना उन्हात बसून राहिली.

१९८९च्या गणपतीत पुण्याचे एक दिग्दर्शक समाजात पाहुणे म्हणून आले होते. कार्यक्रम झाल्यावर सगळे सरलाचं कौतुक करत होते, कारण वाचताना सरला रडायची, हसायची, टाळ्या घ्यायची. ते गृहस्थ मात्र अल्पनापाशी आले. "त्या वाचत होत्या तेव्हा तुम्ही ऐकत होतात," ते म्हणाले. "मी सबंध वेळ तुमच्याकडेच पाहत होतो. असं ऐकता येणारी नटी मला वीस वर्षांत मिळाली नाही. मी लिहीन तुम्हाला. याल?" अल्पनाचे वडील घरात आलेलं प्रत्येक पत्र आधी स्वतः फोडायचे. म्हणून तिने सरलाच्या सासरचा पत्ता दिला होता. आठ महिने ती विचारत राहिली आणि आठ महिने सरला सांगत राहिली, "नाही गं आलं. मोठी माणसं बोलतात तोंडदेखलं." मग अल्पनाने शाळेची नोकरी धरली. आपल्यात काही नव्हतंच, त्या माणसाला क्षणभर भास झाला असेल, असं तिने मनाला समजावलं आणि तेच घेऊन ती आजवर जगली होती. पुढे ते गृहस्थ वारल्याची बातमी पेपरात आली तेव्हा तिने त्यांना मनातल्या मनात माफसुद्धा केलं होतं.

ही गोष्ट दोघींपलीकडे कुणालाच माहीत नव्हती. आणि निळ्या कागदाची तर अल्पनालाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धारला पोचली. सरला दारातच भेटली. "अगं, कळवलं नाहीस?"

"एक पत्र पुन्हा मिळवायचंय," अल्पना म्हणाली. "त्रेचाळिसावं. तू वाच."

या खेपेला ती समोरच्या खुर्चीवर बसली नाही. खुर्ची ओढून सरलाच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसली. सरलाने पुस्तक हातात घेतलं. तिच्या बोटांना पानाचा गारवा लागला असणार. तिने बोटं जरा आखडली.

"पत्र त्रेचाळिसावं," सरला वाचू लागली. "हिरव्या शालूस उंदरांनी..."

शालू झाला, पदं झाली. अल्पनाचे डोळे 'आपल्या अल्पनेचे पत्र' या शब्दांवर होते. शेजारी सरलाचा गोड, कमावलेला आवाज म्हणत होता, "कंदिलाच्या काचा तीन फुटल्या, स्वल्पविराम, नव्या तिकडे मिळतात काय पाहावे, पूर्णविराम."

छापलेलं एक आणि वाचलेलं दुसरं. सरलाला ते पाठ होतं. चाळीस वर्षं पाठ होतं.

अल्पनाने त्या ओळीवर बोट ठेवलं.

आत नीतूच्या कुकरची शिट्टी झाली.

"कधीपासून?" अल्पनाने विचारलं.

"नव्वदपासून. दुसऱ्या प्रतीपासून."

"सगळ्यांत आहे?"

सरलाने मान हलवली. अल्पना उठली, कपाट उघडलं. दहा प्रती ओळीने लावलेल्या होत्या, प्रत्येकीवर तिच्याच हातच्या तारखा. तिने एकेक काढून त्रेचाळिसावं पत्र पाहिलं. नव्वद सालच्या प्रतीत एकच वाक्य जास्त होतं: 'पत्र आले.' त्र्याण्णवच्या प्रतीत दोन. पुढच्या प्रतीत कागदाचा रंग आला होता, त्यापुढच्या प्रतीत पुणं. पुस्तकं सगळी एकाच वेळी, एकाच छापखान्यात छापलेली. पण ज्या क्रमाने या दोघींना ती सापडत गेली त्या क्रमाने मजकूर वाढत गेला होता. सही आणि बंब फक्त बदनावरच्या प्रतीत होते.

"आणि दर वेळी तू माझ्यासमोर बसून खोटं वाचलंस."

"मी खरं तेच वाचलं गं, अल्पू. जे असायला हवं होतं ते."

"मग इतक्या प्रती जमवल्या कशाला?"

सरलाने डोळे पुसले नाहीत. एरवी तिला रडायला शालू कुरतडल्याचं निमित्तही पुरायचं. आज डोळे कोरडे होते.

"एकीत तरी नसेल म्हणून," ती म्हणाली. "तुझ्या प्रतीसारखी एक तरी कोरी मिळाली असती तर मला वाटलं असतं, सुटले. तुला हौस होती, म्हणून मला शोधता आलं."

अल्पनाला आधी पत्राचा राग आला होता. आता तिच्या लक्षात आलं की पत्र ही लहान गोष्ट होती. ते कपाट, त्या उन्हातल्या फेऱ्या, फरक सापडल्यावर वाजवलेल्या टाळ्या, त्यातलं काहीही तिचं नव्हतं. स्वतःच्या केसाने गळा कापला जावा आणि गळा कापणारीनेच पस्तीस वर्षं वेणी घालून द्यावी, तसं झालं होतं.

"का केलंस?"

"तू गेली असतीस," सरला म्हणाली. "तू पुण्याला गेली असतीस आणि मी इथे भाकऱ्या थापत बसले असते. वाचत मी होते, अल्पू. टाळ्या मला पडत होत्या. आणि त्या माणसाने तुला विचारलं."

नीतू चहा घेऊन आली. "मौसी, खाना खाके जाना, हाँ? मम्मी ने बाफले का बोला है." अल्पनाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चहाला न शिवता घराबाहेर पडली.

त्यानंतर सरलाची पत्रं आली. फोन अल्पना घेत नव्हती, म्हणून पत्रं. पहिलं आठ पानी होतं. दुसरं दोन पानी. तिसरं संक्रांतीला आलं, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत तिळगूळ होता आणि एकच ओळ, 'काहीतरी लिही.' अल्पनाने तिळगूळ खिडकीत ठेवला, दोन दिवसांत मुंग्यांनी नेला. समाजाचे नारायणराव येऊन बसले, "अल्पनाताई, यंदाच्या गणपतीचं पक्कं ना? दोन खुर्च्या?" म्हणाले. त्यांना तिने सांगितलं, एकच खुर्ची ठेवा आणि तीही दुसऱ्या कुणासाठी. तिला वाटलं होतं, बोलून मोकळं वाटेल. उलट घर जास्तच सुनं झालं. सरला नसेल तर बोलायला कुणी नाही आणि सरलाशी बोलायचं नाही, अशी तिची गत झाली होती.

सतरा जानेवारीला, शनिवारी, राजवीर स्वतः दारात उभा राहिला.

"ताई, नेमावर से माल ला रहा था, रास्ते में आपका घर पड़ा. ये लो, एक और गोदूबाई. अब तो शायद आखरी होगी."

तेरावी प्रत. नदीकाठच्या घरातली, तरी कोरडी. राजवीर चहा पिऊन गेला, आणि अल्पनाने आयुष्यात पहिल्यांदा नवी प्रत एकटीने उघडली.

ती थेट त्रेचाळिसाव्यावर गेली. शालू, उंदीर, पदं, कंदिलाच्या काचा. पत्र तिथेच संपलं होतं. एक अक्षर जास्त नव्हतं. सरला पस्तीस वर्षं शोधत होती ती प्रत हीच. अल्पनाला हसू आलं. मग सवयीने तिने सबंध पुस्तक मूळ प्रतीशी ताडलं, दोन्हीकडचं स्वतःच वाचून. संध्याकाळपर्यंत बहात्तर पत्रं झाली. सगळी बरोबर.

बहात्तराव्यानंतर पान कोरं असतं. इथे ते गार होतं.

'पत्र त्र्याहत्तरावं. देवास, १९ जानेवारी.

प्रिय सरला, तू तीन पत्रं लिहिलीस आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. आता राग उरलेला नाही. तू केलंस ते माझ्यावाचून राहवणार नाही म्हणून केलंस, एवढंच मी धरून ठेवते. गणपतीत आपण पुन्हा त्या दोन खुर्च्यांवर बसू. तुझीच, अल्पू.'

खाली रेघ, आणि रेघेखाली बारीक टायपात संपादकाची टीप:

'हे पत्र धारला पोचले तेव्हा सरलाबाईंना जाऊन एक दिवस झाला होता. पाकीट कोणी उघडले नाही.'

तिने पुस्तक मिटलं. नंतर उठून सगळ्या खोल्यांतले दिवे लावले.

रविवारी ती पुस्तकाकडे फिरकली नाही. टेकडीवर देवीला जाऊन आली, भावाकडे जेवली, टीव्ही पाहिला. पण डोक्यात तेच. सरळ गोष्ट होती. पत्र लिहिलंच नाही तर ते धारला पोचणार नाही, आणि पोचलंच नाही तर टीप खोटी. आपण नुसतं गप्प बसायचं. गप्प तर ती दोन महिने बसलीच होती. नाहीतर फोन करायचा, म्हणायचं, सरले, ये इकडे. एवढ्याने सगळं पुसलं गेलं असतं.

सोमवारी सकाळी दहाला तिने खरंच फोन केला. नीतूने उचलला.

"अरे मौसी! कितने दिन बाद! मम्मी तो एकदम बढ़िया हैं, छत पे धूप में हरे चने छील रही हैं. रोज पूछती हैं, अल्पू का फोन आया क्या. दूँ उनको?"

फोनमधून गच्चीवरचा आवाज येत होता. सरला कुणाशी तरी मोठ्याने हसत होती. तोच गोड, कमावलेला आवाज. पस्तीस वर्षं समोर बसून खोटं वाचणारा.

"नको," अल्पना म्हणाली. "काम आहे. नंतर करते."

तिने टेबल पुसलं. पुस्तक शेवटच्या पानावर उघडून त्यावर पेपरवेट ठेवलं आणि कोरा कागद घेतला.

प्रिय सरला.

ती छापलेलं पाहून पाहून लिहीत गेली. आता राग उरलेला नाही, असं तिने लिहिलं, आणि लिहिताना रागाने पेन कागदात रुतलं म्हणून सगळं दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहून काढलं. त्यातलं एकही वाक्य तिच्या मनात नव्हतं. पण शब्द किती चांगले होते! कुणीही वाचलं असतं तर म्हणालं असतं, केवढ्या मोठ्या मनाची बाई. तिने काही वाईट केलं असं कुणाला म्हणता आलं नसतं. तिला स्वतःलाही नाही.

तुझीच, अल्पू.

तिने सही केली. ही सही मात्र तिची स्वतःची होती.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या मुलीने पाकिटावरचा पत्ता वाचला.

"धार? मैडम, स्पीड पोस्ट कर दूँ? कल पहुँच जाएगी."

"नहीं बेटा," अल्पना म्हणाली. "साधी डाक से जाने दो. कोई जल्दी नहीं है."

मुलीने तिकिटावर शिक्का मारला. अल्पनाने खिडकीतून वाकून पाहिलं. तारीख स्वच्छ उठली होती.